न दिसलेल्याचा हिशेब

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आमच्या रावेरात केळीचे खांब विकत आणावे लागत नाहीत. घड उतरलेली दोन झाडे बागेतून कापून आणावयाची, दाराच्या दोन्ही अंगांना उभी करावयाची आणि त्यांवर झेंडूची माळ सोडावयाची, की घर सजले. भुसावळ-खंडवा लोहमार्गावरचे हे गाव. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी आणि मधल्या काळ्या जमिनीत नजर पोहोचेल तिथवर केळीच केळी. आमच्याकडे माणसाची विचारपूससुद्धा ‘बाग कशी आहे?’ येथून सुरू होते.

गेल्या दिवाळीत मी असाच ओसरीवर माळ ओवीत बसलो होतो. शेजारी पुतण्या बसला होता. तो कृषिविद्यापीठात पिकांच्या आनुवंशिकीचा अभ्यास करतो. सुट्टीतही संगणक सोबत घेऊन आला होता. त्याच्या पडद्यावर एक चौकट उघडली. तीत दोनच नावे होती, हाल्डेन आणि कोसंबी, आणि त्यांतले एक निवडल्याशिवाय काम पुढे सरकत नव्हते. त्याने सवयीने कोसंबीवर खूण केली.

“हे कोसंबी कोण, ठाऊक आहे का रे?” मी विचारले.

“कुणी जपानी शास्त्रज्ञ असावेत, काका,” तो सहज म्हणाला.

मला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. मी उठलो, फडताळातून प्राचीन भारताच्या इतिहासावरचे एक जुने पुस्तक काढले आणि त्याच्यापुढे ठेवले. लेखकाचे नाव : दामोदर धर्मानंद कोसंबी. “हे तर इतिहासकार,” तो म्हणाला. “तेच हे,” मी म्हणालो. त्या दिवशी माळ अर्धीच राहिली. परंतु त्या बोलण्यातून जे निघाले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

गणिताने जीवसृष्टीत पाऊल टाकले ही काही फार जुनी गोष्ट नव्हे, आणि त्या कथेत महाराष्ट्राला आरंभापासून एक जागा आहे. मात्र ती अभिमानाची नव्हे, दुःखाची. १९०५च्या डिसेंबरपासून १९०६च्या जुलैपर्यंत मुंबई बेटावर प्लेगने जे मृत्यू झाले त्यांची आठवड्यागणिक नोंद ठेवलेली होती. हिंदुस्थानात वैद्यकीय नोकरी केलेले मॅक्‌केंड्रिक आणि प्रयोगशाळेतील अपघातात दृष्टी गमावलेले कर्मॅक, या एडिंबरोच्या दोघा संशोधकांनी १९२७ साली साथीच्या चढउताराचे गणित मांडले, तेव्हा ते पडताळून पाहण्यासाठी मुंबईचेच आकडे घेतले. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा जगभर जी गणिते मांडली गेली, त्यांतली कितीतरी याच घराण्यातली. म्हणजे मृत्यू आमचे आणि गणित त्यांचे, असा तो प्रकार होता. कोसंबींच्या बाबतीत मात्र उलट झाले. माश्या न्यूयॉर्कच्या होत्या आणि गणित पुण्याचे.

दामोदर कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबें येथे झाला. वडील धर्मानंद यांची कथा मराठी वाचकांस नवी नाही. बुद्धाचा धर्म मुळातून जाणावा या एका ध्यासाने घर सोडून पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप असा प्रवास करणारा, आणि पुढे पाली भाषेचा पंडित म्हणून हार्वर्ड विद्यापीठाने सन्मानाने बोलावलेला हा पुरुष. १९१८ साली धर्मानंद पुन्हा अमेरिकेस निघाले, तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या दामोदरला त्यांनी बरोबर नेले. मधला काही काळ सोडला तर पुढचे शिक्षण तिकडेच झाले. १९२९ साली हार्वर्डची पदवी घेऊन हा तरुण परत आला; काशीस दोन वर्षे, मग आंद्रे वेय या फ्रेंच गणितज्ञाच्या बोलावण्यावरून अलीगढला, आणि १९३३ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. तेथे ते बारा वर्षे शिकवीत होते.

त्यांचा मूळ विषय भूमितीचा, तोही फार वरच्या पायरीचा. परंतु नुसत्या उंचावर त्यांचे मन रमेना. सांख्यिकी हे शास्त्र आपल्या देशाच्या उपयोगी पडेल असे वाटून ते त्यांनी स्वतःच्या बळावर आत्मसात केले. आता शिकलेले शास्त्र कशावर तरी लावून पाहिले पाहिजे. त्यांनी निवडली ती जुनी चांदीची नाणी. तक्षशिलेस सापडलेली, ठसे उमटवलेली ती नाणी त्यांनी नाजूक तराजूत एकेक करून तोलली. त्यामागील विचार ध्यानात घेण्याजोगा आहे. नाणे टाकसाळीतून निघते तेव्हा त्याचे वजन ठरलेले असते. मग ते हातोहात फिरते आणि प्रत्येक हात त्याची कणभर चांदी झिजवतो. ते हात आज कुणालाच दिसत नाहीत. दिसते ती केवळ झीज. नाण्यांच्या पाठीवर वेळोवेळी मारलेल्या खुणा जितक्या अधिक, तितके सरासरी वजन कमी, असे त्यांना आढळले, आणि त्यावरून कोणती नाणी आधीची व कोणती नंतरची हे सांगण्याची वाट सापडली. कोणत्याही बखरीत नसलेला इतिहास त्यांनी तराजूवर वाचला.

न दिसलेल्याचा हिशेब दिसणाऱ्यावरून मांडणे ही कोसंबींच्या बुद्धीची खोड होती. तीच खोड त्यांना आनुवंशिकीच्या एका कोड्यापाशी घेऊन गेली.

हे कोडे समजण्यासाठी आमच्या ओसरीवरच्या माळेकडे परत यावे लागेल. पेशीत गुणसूत्रे असतात, आणि गुणसूत्र म्हणजे माळेसारखा धागा. त्यात जनुके फुलांसारखी ओवलेली असतात. प्रत्येक प्राण्याला अशा माळांच्या जोड्या मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. समजा, आईची माळ पिवळ्या झेंडूची आणि बापाची पांढऱ्या शेवंतीची. अपत्याला देण्यासाठी नवी माळ तयार होताना या दोन माळा शेजारी येतात, कुठेतरी एकाच ठिकाणी तुटतात आणि त्यांचे तुकडे आपसांत बदलून पुन्हा जोडले जातात. नव्या माळेत अर्धी फुले पिवळी, तर अर्धी पांढरी.

आता माळेतली कोणतीही दोन फुले घ्या. ती अगदी शेजारी असतील तर नेमके त्यांच्यामध्येच तुटण्याचा संभव थोडा. ती बहुधा एकत्रच राहतील. लांब असतील तर ताटातूट पुष्कळदा होईल. तेव्हा ताटातूट शेकडा किती वेळा होते हे मोजले, की त्या दोन जनुकांमधले अंतर कळते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत फळांवरच्या चिमुकल्या माश्या पाळीत. स्टर्टेव्हंट नावाच्या त्यांच्या विद्यार्थ्याला ही युक्ती सुचली. त्याने एका रात्रीत, महाविद्यालयाचा गृहपाठ बाजूला ठेवून, जनुकांचा जगातला पहिला नकाशा काढला. तो १९१३ साली प्रसिद्ध झाला. आमच्या रावेरकरांनी सुखावून जावे असा एक तपशीलही येथे आहे : त्या खोलीच्या कोपऱ्यात केळ्यांचा घड टांगलेला असे. त्या माश्यांचे पोषण केळ्यांवर होई.

युक्ती सोपी होती. पण तिच्यात एक खोच होती. दोन फुलांमध्ये माळ दोनदा तुटली तर? पहिल्या तुटीने फुले वेगळी होतात आणि दुसरीने पुन्हा एकत्र येतात. पिवळ्याबरोबर पिवळेच दिसते, आणि पाहणारा समजतो, येथे काहीच घडले नाही. म्हणजे जितके अंतर लांब, तितक्या तुटी अधिक झाकल्या जातात, आणि मोजलेले अंतर खऱ्याहून कमी भरते. शिवाय, दोन फुले कितीही दूर असली तरी ताटातुटीचे प्रमाण शेकडा ५० च्या वर कधी जात नाही. एखाद्याने पावलांचे ठसे मोजून रस्त्याची लांबी काढावी आणि वाटेत निम्मे ठसे वाऱ्याने पुसून टाकावेत, तसे हे झाले. पुसलेले ठसे कसे मोजावे?

१९१९ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी एक उत्तर दिले. उत्तरायुष्यात भारताचे नागरिक होऊन १९६४ साली भुवनेश्वरला देह ठेवणारे तेच हे हाल्डेन. माळ एका ठिकाणी तुटली याचा दुसऱ्या ठिकाणच्या तुटण्याशी काही संबंध नाही, असे त्यांनी गृहीत धरले. गणिताला हे सोयीचे. पण माश्यांना ते मान्य नव्हते. प्रत्यक्षात एकदा एका ठिकाणी तुटले की त्याच्या अगदी जवळ सहसा पुन्हा तुटत नाही. जणू पहिली तूट शेजारच्या तुटीला अटकाव करते. लांब जावे तसतसा हा अटकाव ओसरत जातो. हाल्डेन यांच्या सूत्रात हा अटकाव नव्हता; म्हणून ते पुसलेल्या ठशांची संख्या गरजेपेक्षा जास्त धरीत असे.

कोसंबींनी एका अगदी साध्या कल्पनेने हा पेच सोडवला. अंतर शून्याजवळ असते तेव्हा अटकाव पूर्ण. ताटातूट शेकडा ५० ला पोहोचते तेव्हा अटकाव शून्य. मग मधल्या प्रवासात तो सारख्या गतीने उतरतो असे का धरू नये? एवढे धरले की बाकीचे काम कलनशास्त्र करते. उत्तर असे आले : ताटातुटीचे प्रमाण दुप्पट करा, ते एकदा एकात मिळवा आणि एकदा एकातून वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा, त्याचा नैसर्गिक लॉगरिथम काढून चतुर्थांश घ्या. तेच खरे अंतर.

आकड्यांत पाहू. ताटातूट शेकडा २० दिसली तर हाल्डेन यांच्या हिशेबाने अंतर २५.५ येते, कोसंबींच्या हिशेबाने २१.२. ताटातूट ३० असेल तर हाल्डेन ४५.८ म्हणतात आणि कोसंबी ३४.७. अंतर वाढते तसा फरक रुंदावत जातो. माश्यांवरचे आणि पुढे कितीतरी वनस्पतींवरचे अनुभव कोसंबींच्या बाजूला अधिक झुकले. आणखी एक गंमत गणितप्रेमी वाचकांसाठी. सलग दोन तुकड्यांची ताटातूट माहीत असता पूर्ण लांबीची कशी काढावी याचा जो नियम या सूत्रातून निघतो, त्याचे रूप आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेतील वेगांच्या बेरजेसारखेच आहे. तेथे कितीही वेग मिळवले तरी प्रकाशाचा वेग ओलांडता येत नाही. येथे कितीही तुकडे मिळवले तरी शेकडा ५० ओलांडता येत नाहीत. तारे आणि माश्या यांच्या हिशेबाची वही एकच निघावी, याहून सुंदर दुसरे काय असणार?

हा निबंध लंडनहून निघणाऱ्या ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’च्या बाराव्या खंडात १९४४ साली आला. पृष्ठे चार, १७२ ते १७५. तो काळ आठवा : युद्ध चालू, बेचाळीसच्या आंदोलनातले लोक तुरुंगात, बंगाल दुष्काळाने पोळलेला. पुण्यातला एक गणिताचा प्राध्यापक कागद-पेन्सिल घेऊन बसतो आणि जगातल्या सर्व जनुक-नकाशांची मोजपट्टी दुरुस्त करून ठेवतो. त्यासाठी लागली ती एवढी चार पाने.

त्यानंतर त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ते मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. घर पुण्यातच राहिले आणि डेक्कन क्वीनचा डबा त्यांची अभ्यासिका झाला. जीवसृष्टीचे आकडेही त्यांनी सोडले नाहीत. राघवाचारी या सहकाऱ्याबरोबर त्यांनी भारतातील जन्मांचे प्रमाण ऋतूंप्रमाणे कसे चढते-उतरते याचा अभ्यास १९५१ साली, आणि मृत्यूंचा तसाच अभ्यास १९५४ साली प्रसिद्ध केला. कोणत्या महिन्यात कोणता मृत्यू वाढतो हे ठाऊक झाले तर त्याच्या आधीच उपाय करता येतो, ही त्यामागची तळमळ होती. मुंबईच्या प्लेगचे आकडे जाऊन आता पन्नास वर्षे लोटली होती. या वेळी आकडेही आमचे होते आणि गणितही.

परंतु चरित्र लिहिताना केवळ यशाची माळ ओवणे बरोबर नव्हे. १९५९ साली कोसंबींनी भारतीय कृषि-सांख्यिकी संस्थेच्या नियतकालिकात एक निबंध छापला. त्यात त्यांनी रीमान यांचे सुप्रसिद्ध अनुमान संभाव्यताशास्त्राच्या मार्गाने सिद्ध केल्याचा दावा केला होता. गणितातले हे सर्वांत अवघड कोडे. ते अद्यापही सुटलेले नाही. त्यांची सिद्धता टिकली नाही. अशा प्रश्नाचे उत्तर शेतीच्या आकडेशास्त्राच्या पत्रात द्यावे हेही गणितज्ञांना चमत्कारिक वाटले. त्यांच्या लौकिकाला याने मोठा धक्का बसला. इतिहासाचा नादही अनेकांना डोळ्यांवर येत होता. १९६२ साली टाटा संस्थेतील त्यांची नेमणूक पुढे चालू राहिली नाही.

मला या दोन निबंधांकडे पाहताना नेहमी एक विचार येतो. १९४४चा निबंध आणि १९५९चा निबंध यांतले धाडस एकाच जातीचे आहे : दुसऱ्याच्या शेतात बेधडक शिरायचे आणि तेथले कोडे आपल्या हत्याराने फोडायचे. एकदा ते फळले, एकदा फसले. ज्याला पहिले हवे, त्याने दुसऱ्याची तयारी ठेवली पाहिजे. विषयाच्या बांधाबाहेर कधीच पाऊल न टाकणारा माणूस चुकत नाही हे खरे. पण त्याच्या नावाची चौकट रावेरच्या ओसरीवर कुणाच्या पडद्यावर उघडतही नाही.

नोकरी गेली तरी काम थांबले नाही. पुण्याच्या टेकड्यांवर काठी घेऊन हिंडायचे, अश्मयुगीन हत्यारांच्या गारगोट्या वेचायच्या, शेंदूर फासलेल्या देवींची गावोगाव विचारपूस करायची, हे चालूच होते. त्यांचे इतिहासलेखन याच पायपिटीतून उभे राहिले. १९६४ साली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना सन्माननीय शास्त्रज्ञ नेमले आणि ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी जोडले गेले. पिकांच्या आनुवंशिकीवर आजही जेथे काम चालते, तीच ही संस्था. पुढे तिला आघारकरांचे नाव मिळाले. २९ जून १९६६ रोजी, वयाला ५९ वर्षेही पूर्ण झाली नसताना, कोसंबी पुण्यात निवर्तले. महाराष्ट्राने हळहळ व्यक्त केली ती एका इतिहासकारासाठी. चार पानांची आठवण फारशी कुणाला नव्हती.

आणि मग काळाने एक मौज केली. १९८०च्या पुढे जनुकांच्या खुणा थेट रेणूंवर वाचता येऊ लागल्या, आणि भात, गहू, टोमॅटो अशा एकेका पिकाचे नकाशे निघू लागले. नकाशे काढणाऱ्या संगणकी कार्यक्रमांत अंतराचे सूत्र निवडण्याची सोय ठेवावी लागली. त्या यादीत हाल्डेन यांच्या शेजारी कोसंबी जाऊन बसले. आज जगाच्या कोणत्याही टोकाला पिकाचा असा नकाशा छापला जातो, तेव्हा ‘अंतरे कोसंबी सूत्राने काढली’ अशी ओळ वारंवार भेटते. ती लिहिणाऱ्याला ते गृहस्थ कोण हे बहुधा ठाऊक नसते. पुतण्या त्यांना जपानी समजला, यात त्याचा एकट्याचा काय दोष?

हे सगळे ऐकून झाल्यावर पुतण्याने दाराशी उभ्या केलेल्या खांबांकडे पाहिले आणि विचारले, “पण काका, आपल्या केळीला याचा काय उपयोग? तिला तर बीच नाही.”

प्रश्न खरा होता. आपल्या खाण्याच्या केळीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, अकरा-अकरांचे, मिळून ३३. तिघांत जोड्या जमत नाहीत. म्हणून बी धरत नाही. केळे सोलल्यावर मध्ये जे काळे ठिपके दिसतात, ती न झालेल्या बियांची खूण. बसराई असो वा ग्रँड नैन, आपण मुनव्यांपासून किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांपासून तीच ती केळ पुन्हा पुन्हा लावतो. साऱ्या बागेत जणू एकच झाड हजार ठिकाणी उभे असते. म्हणूनच रोग आला की एका झाडाचे दुखणे सर्वांचे होते. हरण्या पडलेली बाग उपटून बांधावर टाकताना आमच्या शेतकऱ्याचा चेहरा ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळे सांगावयास नको. विसाव्या शतकाच्या मध्याला मध्य अमेरिकेतली ग्रो मिशेल ही जात मर रोगाने अशीच बाजारातून उठली. आणि तिच्या जागी जी कॅव्हेंडिश आली, तिच्याच घराण्यातल्या आपल्या या दोन्ही जाती. त्या मर रोगाचा नवा प्रकार आता भारतातही येऊन पोहोचला आहे.

“मग रोगाला तोंड देण्याची ताकद आणायची कुठून?” मी पुतण्यालाच उलट विचारले.

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “रानकेळीतून. तिला बी असते.”

बरोबर होते. बियांनी भरलेली, खाण्यास निकामी रानकेळी हीच आपल्या केळीची आई आणि आजी. तिच्यातली प्रतिकाराची जनुके कोणत्या माळेत, कोणत्या फुलाशेजारी आहेत, हे शोधायचे तर तिचे संकर करून ताटातुटी मोजाव्या लागतात. आणि जेथे माळ दोनदा तुटून पुन्हा जुळली, तेथे न दिसलेल्याचा हिशेबही करावा लागतो.

संध्याकाळी पूजेच्या वेळी पुतण्याने अर्धी राहिलेली माळ स्वतः पुरी केली. हिशेबाच्या वह्या मांडल्या होत्या. त्यांवर हळदकुंकू वाहिले. त्याने ते जुने पुस्तकही आणून वह्यांशेजारी ठेवले. कुणी त्याला तसे सांगितले नव्हते.